सिस्टरच्या नावाचं वॉशिंग मशीन

विरार पूर्वेला, चंदनसारच्या शुभारंभ सोसायटीत कुणाच्याही घरी नवी वस्तू यायची असली, की ती आधी विलास तोरसकरांच्या डोक्यातून जायची. मिक्सर असो, गिझर असो, नाहीतर साधी इस्त्री असो. तोरसकरांनी आपली सगळी नोकरी वालीवच्या एका पंपांच्या कारखान्यात, खरेदी विभागात काढली होती. तिथे तीन कोटेशनं आल्याशिवाय टाचणीसुद्धा घेतली जात नसे. निवृत्त झाल्यावर तोच नियम त्यांनी अख्ख्या सोसायटीला लावला.

"किती लिटरचा गिझर घेऊ?" असं कुणी विचारलं, की तोरसकर डोळे मिटून मान हलवायचे. "लिटर नंतर. आधी सांगा, पाणी कुठलं? बोअरचं? मग आतली टाकी कसली आहे ते बघा. आपल्या पाण्यात क्षार इतके, की साधी टाकी वर्षभरात आतून चुन्यानं भरेल." कुणी फ्रिजचा रंग सांगू लागलं, की ते मधेच थांबवायचे. "रंग राहू दे. सर्व्हिस सेंटर कुठे आहे? वसईत की अंधेरीत? अंधेरीत असेल, तर मेकॅनिक तुमच्याकडे फक्त फोनवर येणार."

आणि खोटं कशाला बोला, माणसाचा सल्ला फुकट जात नसे. सोसायटीत त्यांच्या शब्दावर घेतलेले पंखे फिरत होते, मिक्सर वाटत होते, आणि लोक दिवाळीत फराळाचं ताट आठवणीनं त्यांच्या घरी, चारशे तीनमध्ये, पाठवत होते.

फक्त चारशे तीनमध्येच काही नवीन येत नव्हतं.

त्याला एक कारण होतं, आणि ते हॉलच्या कोपऱ्यात टेबलक्लॉथखाली उभं होतं. तोरसकरांनी मोठ्या हौसेनं, भरपूर अभ्यास करून, घरच्या घरी दळायला एक घरघंटी आणली होती. ती सुरू झाली की खालच्या मजल्यावरच्यांच्या मांडणीतली भांडी नाचायची आणि पिठाचा एक पातळ थर देवघरापासून टीव्हीपर्यंत सगळ्यांवर समान बसायचा. आठवड्याभरात ती बंद झाली. मनोरमाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, तिच्यावर टेबलक्लॉथ घातला, वर फुलदाणी ठेवली आणि त्या विषयावर एक शब्दही काढला नाही. तो न काढलेला शब्दच तोरसकरांच्या जिव्हारी लागला. तेव्हापासून स्वतःच्या घरासाठी काही घ्यायचं म्हटलं, की त्यांचा अभ्यास काही केल्या संपेना.

अशातच घरातलं जुनं वॉशिंग मशीन गेलं. आधी त्याचा कपडे पिळायचा भाग बंद पडला, मग धुवायचा.

"अहो, मशीनचं काय झालं?" मनोरमाबाई विचारायच्या.

"अभ्यास चालू आहे."

गणपती झाले, नवरात्र झालं, अभ्यास चालूच होता. तोरसकर दुपारी जेवून मोबाइलवर परीक्षणं बघत बसायचे. एक माणूस म्हणे, वरून कपडे टाकायचं मशीन घ्या, दुसरा म्हणे, पुढून टाकायचं घ्या, तिसऱ्याला दोन्ही पसंत नव्हती. तोवर इकडे मनोरमाबाईंचा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. वेणी घालायची तर मान खाली हाताकडे न्यायची, अशी वेळ आली.

चादरी पिळायच्या दिवशी बाथरूममधून हाक यायची. तोरसकर एक टोक धरायचे, मनोरमाबाई दुसरं, आणि दोघं उलट्या दिशांना पीळ घालायचे.

"सातशे आरपीएम आणि चौदाशे आरपीएम यात नेमका फरक काय पडतो, माहितीये तुला?" तोरसकर पीळ देता देता विचारायचे.

"मला एवढंच माहितीये, की माझा आरपीएम संपलाय," मनोरमाबाई म्हणायच्या.

समोरच्या चारशे दोनमध्ये कॅथरिन तुस्कानो राहायच्या. त्या मूळच्या वसईच्या. इस्पितळात नर्सची नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या, म्हणून सगळी सोसायटी त्यांना सिस्टरच म्हणायची. नवरा, फर्डिनंड, बोटीवर नोकरीला असायचा. मनोरमाबाईंचा खांदा त्यांनी तपासला, तेल लावून दिलं, भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम शिकवला आणि शेवटी म्हणाल्या, "हे सगळं ठीक आहे गं, पण तू रोज ओले टॉवेल पिळणार असशील, तर मी काय करू? नवऱ्याला सांग, मशीन आण."

"सांगून थकले. तेच तू तुझ्यासाठी विचारलं असतंस, तर तासाभरात मशीन सांगितलं असतं त्यांनी. लोकांसाठी कसं झटपट सुचतं."

बोलून गेल्या आणि मनोरमाबाई स्वतःच थबकल्या. सिस्टरही थबकल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"खोटं बोलावं लागेल," सिस्टर म्हणाल्या.

"थोडंच."

"थोडं काय आणि फार काय. फादरना सांगावंच लागेल." पण हे म्हणताना त्यांचे डोळे चमकत होते.

दुसऱ्याच दिवशी सिस्टर चारशे तीनमध्ये आल्या आणि सोफ्यावर बसून एक मोठा सुस्कारा सोडला. "विलासभाऊ, माझी कपड्यांची बाई सोडून चालली. आता मला मशीनच घ्यायला हवं. तुम्ही सांगाल तेच घेईन."

तोरसकरांच्या अंगात एकदम विशीतला जोम आला. "घरात माणसं किती?"

"दोन... म्हणजे, मी एकटीच. पण फर्डिनंड येतो ना अधूनमधून."

"चादरी, पडदे घरीच धुणार?"

"हो. आणि काय आहे, माझा खांदा फार दुखतो हो." सिस्टरनी डावा खांदा धरला, मग आठवून उजवा धरला. "हात वर जात नाही."

तोरसकरांचा चेहरा मायेनं भरून आला. "अरे अरे, मग वरून उघडणारं घ्यायचंच नाही! ते विहिरीसारखं खोल असतं. ओली चादर वर ओढून काढायची म्हणजे सगळा भार खांद्यावर. तुम्ही पुढून उघडणारं घ्या. खाली एक स्टूल ठेवायचं, बसायचं, टोपली पुढ्यात ओढायची, कपडे आपोआप बाहेर. आणि पाणी गरम करणारं घ्या, बोअरच्या पाण्यात साबण नीट विरघळत नाही. महिन्यातून एकदा क्षार काढायची पूड टाकून रिकामं फिरवायचं. सिस्टर, शरीराची हेळसांड करू नका. खांदा एकदा गेला, की गेला."

स्वयंपाकघरात एक पातेलं जोरात आपटलं.

"काय पडलं गं?" तोरसकरांनी विचारलं.

"काही नाही," आतून आवाज आला. "तुमचं चालू द्या."

तासाभरात निवाडा झाला. कंपनी ठरली, मॉडेल ठरलं, पंधरा अँपिअरचा सॉकेट हवा हेही ठरलं. मग तोरसकर टेप घेऊन समोर गेले आणि सिस्टरच्या दाराची, बाथरूमबाहेरच्या जागेची, नळापासूनच्या अंतराची मापं घेतली. "लोक वस्तू पसंत करतात आणि दार विसरतात," ते टेप गुंडाळत म्हणाले. "मी आजवर एकदाही दार विसरलो नाही."

स्टेशनजवळच्या दुकानातही तेच गेले, दोघींना मागे घेऊन. सेल्समनला त्यांनी असं काही धारेवर धरलं, की त्यानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरला त्यांनी मोटरची वॉरंटी आणि मशीनची वॉरंटी यांतला फरक विचारला, आणि शेवटी खालचं चाकांचं स्टँड फुकट मिळवलं. ते स्टँडसाठी भांडत होते तेव्हा मनोरमाबाईंनी काउंटरवर जाऊन आपल्या भिशीचे पैसे भरले आणि पत्ता लिहून दिला. यंदा भिशी त्यांना लागली होती.

"पोचवायचं चारशे दोन की चारशे तीन?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"हळू बोल बाई," मनोरमाबाई म्हणाल्या. "तीन."

मशीन आलं त्या सकाळी तोरसकर चालायला गेले होते. परतले तर लिफ्टपाशीच गलका ऐकू आला. चौथ्या मजल्यावर, त्यांच्या स्वतःच्या दारात, मोठ्ठं खोकं आडवं अडकलं होतं. दोन हमाल घामाघूम झाले होते. एक बाहेरून ढकलत होता, दुसरा आत अडकून पडला होता आणि त्याला आता बाहेर येता येत नव्हतं. सिस्टर कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

"अहो, हे इथे कुठे? समोर न्या!" तोरसकर धावले. "आणि हे असं ढकलू नका! दाराचं माप कुणी घेतलं? माप न घेता मशीन आणणारा गाढव कोण?"

हमालानं सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरनी खोक्यापलीकडे पाहिलं. खोक्याच्या वरून मनोरमाबाईंचा चेहरा दिसला.

"तुम्हीच घेतलंत माप," त्या म्हणाल्या. "फक्त समोरच्या दाराचं."

तोरसकरांना उलगडायला जरा वेळ लागला. आधी ते खोक्यावरचं नाव वाचायला लागले. मनोरमा विलास तोरसकर. मग त्यांनी सिस्टरकडे पाहिलं.

"विलासभाऊ, मी रविवारी फादरना सांगून आले," सिस्टर घाईघाईनं म्हणाल्या. "तुमचं तुम्ही बघा."

"हे फसवणं झालं," तोरसकर म्हणाले.

"मी कशाला फसवू? तुम्ही निवडलंत, तुम्ही भाव केलात, स्टँडही तुम्हीच मिळवलंत." मनोरमाबाईंचा आवाज शांत होता, आणि तोच तोरसकरांना जास्त जड गेला. "तिनं खांदा धरला तर तुमचा जीव केवढा कळवळला. तो माझाच खांदा होता हो. तिनं दोन मिनिटं उसना घेतला होता."

तोरसकरांनी दाराकडे मोर्चा वळवला. दाराची खरी अडचण त्यांच्याच लोखंडी सेफ्टी डोअरची होती. शेजारच्या सोसायटीत चोरी झाली तेव्हा त्यांनी ते जाडजूड, दोन झडपांचं करून घेतलं होतं, आणि दोन्ही झडपा उघडत्या ठेवल्या तर मजबुती जाते, म्हणून एक झडप कायमची वेल्ड करवली होती. राहिलेल्या फटीतून घरचे, पाहुणे, सगळे तिरके होऊन आत जायचे. एवढ्या वर्षांत त्याची इतकी सवय झाली, की हे दार अरुंद आहे हेच सगळे विसरले. मोठी वस्तू त्यानंतर आत कधी गेलीच नव्हती, कारण घेतलीच नव्हती.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी हरेश्वर म्हात्रे वर आले. ते जवळच्याच गावातल्या जुन्या शेतकरी घरातले, बोलायला मोकळे. "तोरसकर, रस्ता मोकळा करा. खाली टँकरवाला उभा हाय, पानी सोडायला वर मानूस यायचाय. तो काय खोक्यावरनं उडी मारेल?"

शेवटी खोकं मागे ओढलं, आत अडकलेला हमाल पोट आवळून बाहेर आला आणि मशीन समोर सिस्टरच्या घरी गेलं. मापाप्रमाणे ते तिथे अगदी बरोबर बसलं. हे पाहून तोरसकरांना आनंद झाला आणि त्या आनंदाचा राग आला.

"दार कापून घेतो," ते म्हणाले. "मग आणू आत."

"कधी?"

"जरा अभ्यास करून."

मनोरमाबाईंनी कपड्यांची बादली उचलली आणि त्या समोर गेल्या.

मग तोरसकरांनी सातिवलीतल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे फेऱ्या सुरू केल्या. एक म्हणाला, झडप कापून बिजागऱ्या लावू. दुसरा म्हणाला, अख्खं दार बदला. तिसरा म्हणाला, दार राहू द्या, चौकट हलवू. तोरसकर तिघांची कोटेशनं घेऊन घरी आले आणि शेजारीशेजारी ठेवून बघत बसले. बिजागरी पितळी की पोलादी, इथे गाडं अडलं.

इकडे घराची घडी बदलत चालली होती. मनोरमाबाई सकाळी कपडे घेऊन समोर जायच्या. मशीन चालू असेपर्यंत तिकडेच चहा व्हायचा, मग खांद्याचा व्यायाम, मग सिस्टरकडचा केक नाहीतर वडे. समोरच्या दारातून हसण्याचे आवाज यायचे. तोरसकरांना त्यांचे शर्ट घडी घालून, मऊ होऊन परत मिळायचे, पण दुपारच्या चहाला त्यांच्यासमोर कुणी नसायचं. चौदाशे आरपीएमचं कौतुक सांगायचं, तर सांगायचं कुणाला? एकदा त्यांनी दारातूनच विचारलं, "गाळणी साफ केली का मशीनची?" तर आतून दोघी एकदम म्हणाल्या, "केली!" आणि पुन्हा हसल्या.

डिसेंबर उजाडला. एका संध्याकाळी तोरसकरांना त्यांची निळी बंडी सापडेना, म्हणून ते विचारायला समोर गेले. दार उघडंच होतं. सिस्टर खाली बसून वायरचा गुंता सोडवत होत्या, आणि मनोरमाबाई स्टुलावर उभ्या राहून खिडकीच्या वरच्या खिळ्याला नाताळचा कागदी तारा अडकवत होत्या. उजव्या हातानं. हात कानाच्या वर गेला होता, डोक्याच्याही वर, सरळ. तारा नीट बसेना तशी त्यांनी टाचा उंचावल्या आणि हात आणखी ताणला.

तोरसकर दारात उभे राहिले. किती महिन्यांनी त्यांनी तो हात असा वर गेलेला पाहिला होता! आणि खाली असताना तो त्यांनी नीट कधी पाहिलाच नव्हता, हेही त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं. समोर उभं राहून चादरीचं दुसरं टोक ते धरत होते, आणि मन मात्र मोबाइलमधल्या मशीनवर होतं.

"काय हवंय?" मनोरमाबाईंनी वळून विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "तारा डावीकडे जरा झुकलाय."

घरी येऊन त्यांनी तिन्ही कोटेशनं उचलली, न बघता एक वर काढलं आणि फोन लावला. "उद्या सकाळी या. बिजागरी? तुमच्याकडे असेल ती आणा. हो, असेल ती!" लगेच पुन्हा फोन करून पितळी की पोलादी हे विचारावंसं त्यांना वाटलं. पण त्यांनी मोबाइल फ्रिजवर ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

सकाळी ग्राइंडरच्या ठिणग्या उडाल्या, सगळा मजला दणाणला. झडप सुटली. मशीन समोरून इकडे आलं आणि चाकांवरून सुळकन आत गेलं. म्हात्रे पाहायला आले होते. ते सवयीनं तिरके होऊन आत शिरले आणि मग मोकळ्या दाराकडे बघून स्वतःशीच हसले.

मशीनमागून आलेल्या सिस्टर मात्र निघेनात. "विलासभाऊ, मला मशीन घ्यायचंय."

तोरसकरांनी त्यांच्याकडे संशयानं पाहिलं. "कुणासाठी?"

"माझ्यासाठी हो! सवय लागली ना मला. बाईसुद्धा खरंच सोडून गेली."

"खांदा कुणाचा दुखतोय यावेळी?"

"कुणाचा नाही. देवाशपथ."

तोरसकरांनी मान हलवली. "मग तेच मॉडेल. दार मोजायला नको, माप आहे माझ्याकडे."

दुपारी तोरसकरांनी मशीनपुढे स्टूल ओढलं, चष्मा लावला आणि माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली. सुती, सिंथेटिक, लोकर, लहान मुलांचे कपडे, झटपट धुणं, एकेका प्रकाराचं तापमान वेगळं, वेळ वेगळी. मनोरमाबाईंना हाक मारून ते एकेक समजावू लागले. त्यांनी थोडं ऐकलं, मग पदर खोचला.

"मला नाही हो हे कळायचं."

"अगं, समोर तर रोज चालवत होतीस!"

"तिकडे सिस्टर बटण दाबायची. आणि तुम्ही निवडलंय ना, तुम्हाला कसं सगळं पाठ आहे. तुम्हीच चालवा."

यात आपलं कौतुक आहे की आपली सोय लावली जातेय, हे तोरसकरांना पटकन ठरवता येईना. तोवर मनोरमाबाई चपला घालून सिस्टरबरोबर वसईला नाताळची खरेदी करायला निघाल्यासुद्धा. नव्या दारातून दोघी शेजारीशेजारी, एकदमच बाहेर पडल्या.

तेव्हापासून चारशे तीनचे कपडे तोरसकर धुतात. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, चादरी रविवारी. कामात चोख माणूस, त्यामुळे एकदाही रंग उतरलेला नाही. सकाळी दहाच्या सुमाराला ते तुम्हाला गॅलरीत दिसतील, खांद्यावर ओला टॉवेल, तोंडात दोन चिमटे. खालून कुणी ओरडून विचारतं, "तोरसकर, एअर फ्रायर घ्यावा का हो?" ते चिमटे हातात घेतात, टॉवेल झटकतात आणि म्हणतात, "थांबा, एवढे वाळत घालून येतो खाली."